सुसुर्रुस: कुजबुज, गुंजारव आणि चुगली

प्रश्न असा आहे: लॅटिन ‘सुसुर्रुस’चा अर्थ कोशात ‘कुजबुज’ दिला आहे, पण रोमन कवी व्हर्जिल हा शब्द मधमाश्यांसाठी वापरतो. मग खरा अर्थ कोणता?

दोन्ही खरे. शब्द मुळात नादानुकारी आहे. पहिलं अक्षर दुहेरी होऊन तो घडला आहे, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘स्वर्’ या धातूशी जोडलं जातं. म्हणजे आपला ‘स्वर’ त्याचा भाऊबंद ठरतो! हलका, सलग, अस्फुट आवाज एवढाच त्याचा गाभा. तो आवाज कोण करतंय ते पाहून मराठी शब्द निवडायचा.

व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतात जमीन गमावलेला मेलिबेउस, जमीन राखू शकलेल्या तितिरुसला सांगतो की कुंपणाच्या वाळुंजावरच्या मधमाश्या ‘लेवी सुसुर्रो’, हळुवार गुंजारवानं, तुला झोप आणतील. इथे ‘कुजबुज’ लिहिलं तर ओळच मरते. रोमन कवी होरेसच्या एका गीतात मात्र संध्याकाळी ठरल्या वेळी भेटणाऱ्या प्रेमिकांचे ‘लेनेस सुसुर्री’ आहेत. तिथे कुजबुजच हवी, किंवा त्याहून गोड ‘हितगुज’. कवी ओव्हिडनं अफवेच्या देवतेचं, फामाचं, घर रंगवलं आहे. तिथे राहणाऱ्या मंडळींत ‘सुसुर्री’ही आहेत, कर्ता कोण ते न कळणाऱ्या कानगोष्टी. रोमन उपहासकवी पेर्सिउसला हा शब्द देवळात ऐकू येतो. रोमन लोक सहसा मोठ्यानं प्रार्थना करत, त्यामुळे ओठांतल्या ओठांत पुटपुटून काही मागणाऱ्याबद्दल संशय यायचा. देवळातली ही पुटपुट बंद करून उघडपणे नवस बोलणं सगळ्यांना जमत नाही, असं तो म्हणतो.

आता ‘सुसुर्रो’ या रूपाचा घोळ. व्हर्जिलच्या ओळीतली ती ‘सुसुर्रुस’ची तृतीया (लॅटिन व्याकरणात पंचमी म्हणतात, पण अर्थ ‘-नं’). क्रियापद म्हणून तेच रूप ‘मी कुजबुजतो’ असं होतं. आणि तिसरं, स्वतंत्र नाम: ‘सुसुर्रो’, षष्ठी ‘सुसुर्रोनिस’, म्हणजे कान भरणारा, चहाडखोर. जेरोमनं बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या लॅटिन भाषांतरात (२६:२०) ते वापरलं आहे: लाकडं संपली की आग विझते, तसा चहाडखोर दूर केला की भांडणं शमतात.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं केलेला भेद. पाठीमागे निंदा करणाऱ्याला त्या माणसाचं नाव खराब करायचं असतं. ‘सुसुर्रो’ला मैत्री तोडायची असते, म्हणून ज्याला जे झोंबेल ते तो त्याच्या कानात घालतो. अक्वायनस हे दुसरं पाप जास्त मोठं मानतो. मराठीत त्यासाठी ‘कळलाव्या’ नेमका बसेल, ‘निंदक’ नव्हे.

स्पॅनिशमध्ये आज ‘सुसुर्रो’ म्हणजे कुजबुज, तशीच पानांची सळसळ आणि पाण्याची झुळझुळही. चुगलखोरासाठी तिथे ‘सुसुर्रोन’ असा वेगळा शब्द आहे.