एडीएचडीची (लक्ष न टिकणे व अतिचंचलता या विकाराची) उत्तेजक औषधे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या मुलाचा जन्म डिसेंबरअखेरचा असून यंदा तो पहिलीत गेला आहे. वर्गात तो एका जागी बसत नाही, लिहिणे अर्धवट सोडतो. गोळी सुरू करून घ्या, असे त्याच्या बाई म्हणतात. काय करावे? (एक आई, नाशिक)

उत्तर : डॉक्टरांना जरूर दाखवा, मात्र पहिल्याच भेटीत गोळीचा निर्णय व्हावा अशी अपेक्षा ठेवू नका. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाचे वय ३१ डिसेंबरला मोजले जाते. त्यामुळे आपल्या मुलाच्या शेजारी बसणारे मूल त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठे असू शकते, आणि या वयात वर्षाचा फरक फार मोठा असतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही शाळाप्रवेशासाठी हाच दिनांक धरला जातो. तेथील ६ ते १२ वर्षांच्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचे औषध लिहून दिले जाण्याची शक्यता ४१ टक्क्यांनी, तर मुलींच्या बाबतीत ती ७७ टक्क्यांनी अधिक आढळली. हा आजार जन्ममहिना पाहून होत नाही. तेव्हा यांतील काही मुलांचे वयाला साजेसे वागणेच आजार समजले गेले असावे, असे मानावे लागते. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने टिकलेली आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी दिसलेली असावी लागतात. ऐकू नीट येते का, झोप पुरेशी होते का, वाचन-लेखनाची वेगळी अडचण आहे का, हेही तपासून घ्यावे. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे वर्तन-प्रशिक्षण हाच पहिला उपाय मानला जातो.

प्रश्न : मुलीला मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचे उत्तेजक औषध चालू आहे. आमच्या तालुक्यात ते मिळत नाही आणि डॉक्टर व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी देत नाहीत. ही अडवणूक नाही का? (एक वडील, सातारा जिल्हा)

उत्तर : डॉक्टर नियमाने वागत आहेत. हे औषध ‘एक्स’ अनुसूचीत, म्हणजे औषध नियमांतील कडक नियंत्रणाच्या यादीत, मोडते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते आणि विक्रीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार या अनुसूचीतील औषधे दूरस्थ सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. गैरवापर रोखण्यासाठी हे निर्बंध हवेतच. पण त्यांचा भार शहरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांवर पडतो, हेही तितकेच खरे. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध या अनुसूचीत येत नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. काही मुलांना ते चांगले लागू पडते, परंतु केवळ दुकानात सहज मिळते म्हणून ते लिहिले जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडीएचडीसाठी ॲडरॉल हे औषध घेते आणि लवकरच पुण्याला परतणार आहे. सासरचे म्हणतात, अमेरिकेत ही फॅशनच झाली आहे. (एक वाचक)

उत्तर : ॲडरॉलमध्ये ॲम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य असते आणि ते भारतात उपचारासाठी मिळत नाही. कुणाकडून कुरिअरने मागवण्याचा विचारही करू नका. तो कायद्याचा प्रश्न होईल. निघण्याच्या काही महिने आधीच तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध सुरू करून मात्रा बसवून घ्या.

फॅशनविषयी म्हणाल, तर अमेरिकेत नोकरीतून विमा मिळालेल्यांपैकी उत्तेजक औषधे घेणाऱ्यांचे प्रमाण २०१६ साली ३.६ टक्के होते, ते २०२१ साली ४.१ टक्के झाले. २०२० ते २०२१ या एका वर्षात १५ ते ४४ वयोगटातील स्त्रियांमध्ये ते आधीच्या तुलनेत दहा टक्क्यांहून अधिक वाढले. महामारीच्या काळात दूरस्थ सल्ल्याचे नियम शिथिल झाले होते आणि घाईने लिहिलेल्या चिठ्ठ्याही त्यात असतील. तथापि, वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि तिचे निदान तिशीत होते, असेही पुष्कळदा घडते. आपले निदान नीट तपासून झाले असेल, तर संकोच बाळगू नका.

प्रश्न : गोळी सुरू झाल्यापासून डबा तसाच परत येतो. बंद करावी का? (एक आजी, ठाणे)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. भूक मंदावणे हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. गोळीआधी भरपेट न्याहारी द्या आणि संध्याकाळी परिणाम ओसरला की पुन्हा नीट जेवू घाला. डॉक्टरांकडून उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद दर सहा महिन्यांनी तरी करून घ्या. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी पाहावे. आलेखावर वजनाची रेघ खाली झुकू लागली, तर मात्रा किंवा औषध बदलता येते.