नाल्याकाठची वैरण, जड धातू आणि गोठ्यातले दूध: आलेल्या प्रश्नांना उत्तर

पंचगंगाकाठच्या हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतून वैरणीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. मजकूर वेगवेगळा असला तरी काळजी एकच आहे. नाल्याला रंगाईचे आणि कारखान्यांचे पाणी येते, ते मोटारीने उचलून हत्ती गवताला किंवा मक्याला दिले जाते. त्या वैरणीत शिसे, कॅडमियम असे जड धातू उतरतात का, आणि ती खाऊन म्हशीचे दूध बिघडते का? एका शेतकऱ्याने लिहिले आहे, "साहेब, त्या तुकड्यात भाजी लावायची बंद केली, आता नुसती वैरण घेतो. जनावराला चालतंय न्हवं?"

भाजी बंद केली हे चांगले केले. पण माणसाला नको ते जनावराला चालेल, हा हिशेब इथे बसत नाही. पालक आपण जुडीभर आणतो, निवडतो, धुतो आणि आठवड्यातून दोनदा खातो. म्हैस त्याच तुकड्यातली 25 ते 30 किलो हिरवी वैरण रोज खाते, तीही न धुतलेली.

सगळे धातू सारखे वागत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. शिसे आणि क्रोमियम मातीला घट्ट धरून राहतात. मुळांपर्यंत आले तरी पानात फार थोडे चढतात. जस्त आणि तांबे जास्त झाले तर आधी पीकच पिवळे पडते, खुरटते, म्हणजे काहीतरी चुकतेय हे शेतातच दिसते. कॅडमियमचे तसे नाही. ते पानात सहज चढते आणि जनावराला अपायकारक ठरेल इतके साठले तरी गवत हिरवेगार दिसू शकते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनाच्या पाण्याच्या मार्गदर्शनात शिशाची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे आणि कॅडमियमची 0.01 मिलिग्रॅम. हा पाचशे पटींचा फरक बराचसा यामुळेच आहे.

मग शिशाची काळजी सोडायची का? अजिबात नाही, फक्त ते जनावराच्या पोटात जाते ती वाट वेगळी आहे. ते जाते वैरणीला चिकटलेल्या मातीतून. हिशेब करून बघा. 30 किलो हिरव्या गवतात कोरडा भाग साधारण 6 किलो. गवत जमिनीसरशी कापले, त्यावर चिखल उडालेला असला आणि त्यातला 5 टक्के भाग माती निघाला, तर रोज 300 ग्रॅम माती पोटात गेली. त्या मातीत किलोला 200 मिलिग्रॅम शिसे असेल तर नुसत्या मातीतून 60 मिलिग्रॅम गेले. गवताच्या आतले शिसे किलोला 2 मिलिग्रॅम धरले तर गवतातून जेमतेम 12. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रमाण असेच राहते. चरणाऱ्या जनावरांच्या पोटात तर याहून जास्त माती जाते, आणि मेंढ्या गवत अगदी बुडाशी कातरत असल्याने त्या सर्वांत पुढे.

म्हणून माझा पहिला सल्ला धातूंपेक्षा विळ्याबद्दल आहे. हत्ती गवत जमिनीपासून वीतभर उंच कापा. कापलेला भारा ओल्या चिखलात टाकू नका. भर पावसात, चिखल उडत असताना कापणी टाळता आली तर टाळा. नाल्याचे पाणी पानांवर पडेल असे तुषार सिंचन करू नका. त्या मानाने उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, बरे, ते जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असते आणि त्याला माती फारशी लागत नाही. पण हे पूर नसतानाचे झाले. 2019 आणि 2021 च्या पुरात उभ्या उसावर, गवतावर जो गाळ बसला, तशी गाळ बसलेली वैरण थेट कडबाकुट्टीत घालू नये. गाळात धातूच असतात असे नाही, जंतू आणि बुरशीही असतात. पूर ओसरल्यावरची पहिली कापणी जनावरांना न देता बाजूला काढावी, नवी फूट घ्यावी. अशा गाळ बसलेल्या गवताचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, करू नये. मुरण्याने धातू कमी होत नाहीत आणि मातीमुळे मुरघासही नासतो. आणि ते जाळूनही टाकू नका. शिसे, कॅडमियम बरेचसे राखेत राहतात आणि राख पुन्हा शेतातच जाते.

"आमची काळी जमीन, सामू 8 च्या वर, मग भीती कशाला?" असाही प्रश्न आहे. सामू (pH) म्हणजे जमीन आम्ल की विम्ल हे सांगणारा आकडा. विचारणाऱ्याने अभ्यास केलेला दिसतो. काळ्या चिकण मातीत आणि चुनखडीत धातू अडकून राहतात, कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीपेक्षा आपण त्या बाबतीत सुदैवी आहोत. पण शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत हा दिलासा अर्धाच आहे. खारट पाण्यातले क्लोराइड कॅडमियमला मातीपासून सोडवते आणि पिकाला ते सहज घेता येते. रंगाईत मिठाचा वापर मोठा असतो, त्यामुळे त्या सांडपाण्यात मीठ असतेच. म्हणजे तुकडा क्षारपड असेल आणि वर नाल्याचे पाणी जात असेल, तर सामू बघून निश्चिंत राहू नका, कॅडमियम तपासूनच घ्या. जिप्समने धातू निघतात का, असे दोघांनी विचारले आहे. निघत नाहीत. जिप्सम क्षारपड जमिनीतले जादा सोडियम काढण्यासाठी आहे, त्यासाठी जरूर वापरा. गंधक टाकून सामू खाली आणण्याचा प्रयत्न मात्र अशा तुकड्यात करू नका, त्याने कॅडमियम आणखी मोकळे होईल. चांगले कुजलेले शेणखत धातूंना धरून ठेवते, पण ते शेण दुसऱ्या, स्वच्छ वैरणीवरच्या जनावरांचे हवे. खाल्लेल्या धातूंचा बहुतेक भाग शेणावाटे बाहेर पडतो. तीच वैरण, तेच शेण, तोच तुकडा असे चक्र चालू ठेवले तर माती कधीच सुधारणार नाही.

दुधाचे काय? शिसे आणि कॅडमियम दुधात थोडेच उतरतात. कॅडमियम मूत्रपिंडात आणि यकृतात साठते, शिसे हाडांत. दुधातील शिशाची मर्यादा मात्र किलोला 0.02 मिलिग्रॅम इतकी कडक आहे, त्यामुळे "थोडेच उतरते" एवढ्यावर भागत नाही. वैरण बदलली की दुधातले प्रमाण खाली येते. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम मात्र वर्षानुवर्षे राहते. अशा वैरणीवर वाढलेल्या बोकडाची कलेजी आणि गुर्दे घरात, विशेषतः लहान मुलांना आणि गरोदर बाईला, देऊ नयेत.

जनावराच्या अंगात कॅल्शियम, लोह, जस्त कमी असले की आतडे शिसे आणि कॅडमियम जास्त शोषून घेते. आपल्याकडे वाढे आणि हत्ती गवत हाच मुख्य आधार, आणि दोन्हींत ऑक्झलेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियम अडवतो. म्हणून मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण देण्याचा जो सल्ला नेहमी दिला जातो, तो इथे दुप्पट मोलाचा आहे.

हुपरीकडून मेंढ्यांबद्दल विचारणा आली आहे. चांदीकामात आम्लाने धुलाई होते आणि त्या पाण्यात तांबे उतरते. गाई-म्हशी जेवढे तांबे सोसतात तेवढे मेंढी सोसत नाही. ते महिनोन्‌महिने यकृतात साठते आणि एखाद्या दिवशी अचानक रक्तात येते. लघवी लाल होते, डोळे पिवळे पडतात आणि मेंढी दगावते. तिथे खतासाठी मेंढरे बसवायची असतील तर अशा पाण्याच्या वाटेवरचे रान सोडा. मोठ्या जनावरांचे खनिज मिश्रणही मेंढ्यांना घालू नका.

वासरू अचानक आंधळ्यासारखे भिंतीला डोके लावून उभे राहते, दात खाते, तोंडाला फेस येतो, हे वर्णन एका ताईंनी पाठवले आहे. शिशाच्या तीव्र विषबाधेत असे होते, पण ती सहसा वैरणीने होत नाही. जुनी बॅटरी, रंगाचे डबे, गाडीचे काळे ऑइल चाटल्याने होते. गोठ्याजवळ असे काही पडले असेल तर आजच हलवा. हीच लक्षणे पिसाळण्याचीही असतात, म्हणून डॉक्टर येईपर्यंत वासराच्या तोंडात हात घालू नका.

आता तपासणी. तुमच्या जमीन आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, त्यांत शिसे आणि कॅडमियम नाहीत. जस्त, तांबे दिसतात, पण ती तपासणी कमतरतेसाठी असते, विषारीपणासाठी नाही. म्हणून कृषी विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत "एकूण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त" असे स्पष्ट लिहून द्या. पाणी शेतात शिरते त्या तोंडाजवळचा नमुना वेगळा आणि उरलेल्या शेताचा वेगळा घ्या, कारण गाळ तोंडाशीच जास्त बसतो. नमुना गोळा करायला जस्ताच्या मुलाम्याचे घमेले वापरू नका, प्लॅस्टिकची बादली घ्या. आपल्याकडे संदर्भाला धरल्या जाणाऱ्या मर्यादा मातीत किलोला कॅडमियम 3 ते 6 आणि शिसे 250 ते 500 मिलिग्रॅम अशा आहेत.

माती तपासून भागत नाही, वैरणही द्या. एकाच गवताचे दोन भाग करा, एक स्वच्छ पाण्याने धुतलेला आणि एक तसाच. धुतलेल्यात शिसे बरेच कमी आले तर दोष वरच्या मातीचा, आणि तो कापणीच्या पद्धतीने सुटेल. दोन्हींत कॅडमियम सारखेच आले तर ते पानाच्या आत आहे, त्यावर धुणे-कापणे हा उपाय नाही. तुलनेसाठी सांगतो, युरोपीय संघात 12 टक्के ओलावा धरून वैरणीत कॅडमियम किलोला 1 आणि शिसे 30 मिलिग्रॅमपर्यंतच चालते. कॅडमियम त्याच्या वर गेले तर त्या तुकड्यात वैरण थांबवा, फुलपीक घ्या आणि वैरण विहिरीच्या पाण्यावरच्या रानात हलवा. असे रान नसेल तर निदान दुभत्या म्हशींना आणि वासरांना विकतचा कडबा द्या.

पाण्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी द्या. रंगीत पाणी वाहत असतानाची वेळ, तारीख आणि फोटो सोबत जोडा. नमुना पाऊस उघडल्यावर घेतला जाईल असे पाहा, कारण पावसाच्या लोंढ्यात पाणी पातळ होऊन आकडे कमी येतात.