स्टेफीची फूटपट्टी

वीस वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी गप्पच. रॅकेटची ग्रिप सोडवायची, पुन्हा गुंडाळायची, एवढंच चाललं होतं. बोलत होते ते बाबा.

"मॅडम, स्टेफी ग्राफ सतराव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली. एकोणिसाव्या वर्षी चारही ग्रँडस्लॅम, वर ऑलिम्पिकचं सुवर्ण. ही अजून पहिल्या फेरीत हरतेय. वय निघून चाललंय. सोडायला लावू का?"

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. टेनिसच्या जागी कधी मेडिकलची 'नीट' परीक्षा असते, कधी एमपीएससी.

"अँजेलिक कर्बर आठवते?" मी मुलीला विचारलं. मान पहिल्यांदा वर आली.

कर्बरही स्टेफीसारखीच जर्मन टेनिसपटू. स्टेफीने तो पराक्रम केला त्याच 1988 च्या जानेवारीत ब्रेमेनला ती जन्मली. 2011 मध्ये, तेविशीत, ती पहिल्याच फेरीत इतक्या वेळा हरली की विम्बल्डननंतर खेळच सोडावा असं तिच्या मनात आलं. मग ऑफेनबाखच्या अकादमीत जाऊन तिने घाम गाळला, तोही मुख्यतः फिटनेससाठी. त्याच वर्षी यूएस ओपनला 92व्या क्रमांकावरची ही मुलगी उपांत्य फेरीत! तरी पहिल्या ग्रँडस्लॅमला 2016 उजाडलं. त्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत मॅच पॉइंट वाचवून ती तगली, आणि अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला हरवलं. सेरेना जिंकती तर स्टेफीच्या 22 ग्रँडस्लॅम विजेतेपदांशी बरोबरी झाली असती. सप्टेंबरात कर्बर जगात अव्वल. वय 28.

"म्हणजे अजून आठ वर्षं खर्च करायचा?" बाबा धास्तावले. रास्त होतं. अशाच हरत राहून घरी परतलेल्या मुलींची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. कर्बरचं नाव घेऊन कुणाला रेटत राहणं मला पटत नाही. मला रस होता तो ऑफेनबाखमध्ये.

"शेवटचे पाच सामने कुठे निसटले?" मी मुलीला विचारलं.

"तिसऱ्या सेटला पाय चालत नाहीत."

बाबा बघतच राहिले. वर्षभर ते सर्व्हिससाठी वेगळ्या कोचची फी भरत होते.

सहा महिने फिटनेस ट्रेनर, आणि कॉलेजचा अर्धवट राहिलेला फॉर्मही भरायचा, असं ठरलं.

"आणि सहा महिन्यांनी?"

"तेव्हा मी सांगेन, बाबा," ती ग्रिप घट्ट करत म्हणाली.