‘पर्यावरणवादी वकील’ की ‘पर्यावरण बॅरिस्टर’?

सोलापुरातल्या एका अनुवादकाचा प्रश्न आहे : लंडनच्या एका बाईंचा परिचय मराठीत करायचा आहे. पर्यावरण कायदा हा त्यांचा खास विषय आणि त्या बॅरिस्टर आहेत. मी ‘पर्यावरणवादी वकील’ लिहिलं, संपादकांनी ‘पर्यावरण बॅरिस्टर’ केलं. बरोबर काय?

दोन्ही नको. ‘पर्यावरण कायद्याच्या बॅरिस्टर’ लिहा.

‘पर्यावरणवादी’ म्हटलं की बाईंची मतं कळतात, काम कळत नाही. तिकडे स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या बॅरिस्टरांना एक नियम आहे : काम आपल्या विषयातलं असेल, वेळ असेल आणि योग्य फी मिळत असेल, तर पक्षकार आवडत नाही म्हणून नकार देता येत नाही. रांगेतल्या पहिल्या टॅक्सीने येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं, त्यावरून त्या नियमाला ‘कॅब-रँक रूल’ नाव पडलंय. (आपल्या स्टेशनसमोरच्या रिक्षांना तो लागू नाही, हे सांगायला नको.) म्हणजे आज नदीकाठच्या गावकऱ्यांकडून उभ्या राहिलेल्या बाई उद्या कारखान्याकडूनही उभ्या राहतील.

‘बॅरिस्टर’ मात्र बदलू नका. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले यांच्यामुळे तो मराठीत मुरलेला आहे. फक्त आपल्याकडे ती पदवीसारखी मानाची उपाधी झाली आणि १९६१च्या अधिवक्ता अधिनियमानंतर वेगळा वर्ग म्हणून उरली नाही. इंग्लंडमध्ये तो आजही चालता व्यवसाय आहे. तिथे पक्षकार सहसा आधी सॉलिसिटरकडे जातो. पत्रव्यवहार, कागद दाखल करणं हे सॉलिसिटरचं. बॅरिस्टर लेखी मत देते, मसुदे करते, कोर्टात युक्तिवाद करते. २००४पासून थेट बॅरिस्टरकडे जाण्याचीही सोय आहे. तेव्हा ‘बाईंनी वकीलपत्र घेतलं’ असं वाक्य आलं तर खोडा. ‘बाईंकडे प्रकरण सोपवलं’ एवढं पुरे.

खरी फसगत पुढच्या शब्दांत होते. ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’ला वर्तमानपत्री सवयीने ‘पुनर्विचार याचिका’ म्हटलं की अर्थच उलटतो. पुनर्विचार म्हणजे कोर्टाने स्वतःचाच निकाल पुन्हा पाहणं. इथे कोर्ट सरकारी यंत्रणेचा निर्णय कायद्याने घेतला का, ते तपासतं. ‘न्यायिक पुनर्विलोकन’ लिहा, आणि ‘न्यायिक’ गाळू नका. मुदतही सांभाळा : तिकडे विनाविलंब, आणि कमाल ३ महिन्यांत, नगर नियोजनाचं प्रकरण असेल तर ६ आठवड्यांत. ‘दीड महिना’ करायच्या मोहात पडू नका, ४२ दिवस आणि दीड महिना एक नव्हे.

‘डिस्चार्ज’ला ‘विसर्ग’ हा शब्द बरोबर असूनही सोलापूरच्या वाचकासाठी टाळावा. विसर्ग म्हटलं की त्याला उजनीचे दरवाजे आणि क्युसेकचे आकडे दिसतात. कारखान्याचं असेल तर ‘सांडपाणी सोडणं’. ‘परमिट’ला ‘परवाना’ चालेल. ‘संमती’ मात्र आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, जल अधिनियम १९७४ आणि वायू अधिनियम १९८१ यांखाली. चादरीच्या रंगाईवाल्यांच्या बोलण्यात येते ती हीच. इंग्लंडच्या परवान्याला ‘संमती’ लिहिलं तर दोन यंत्रणांची गल्लत होईल.

राहिला ‘लवाद’. ‘नॅशनल ग्रीन ट्रायब्युनल’ला ‘राष्ट्रीय हरित लवाद’ म्हणणं इतकं रूढ झालंय की बदलणं अवघड, पण लेखात व्यापारी ‘आर्बिट्रेशन’ही येत असेल तर गोंधळ ठरलेला. लवादाकडे दोन्ही पक्ष आपसातल्या करारानं जातात. हरित न्यायाधिकरण २०१०च्या कायद्यानं नेमलेलं आहे, समोरच्याची तयारी असो वा नसो. सोलापूरचं प्रकरण त्याच्या पुण्याच्या खंडपीठापुढे जातं.   करारानं नेमलेल्या लवादाशी गल्लत नको, म्हणून ‘हरित न्यायाधिकरण’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजेच हरित लवाद’ जोडा.