पहिल्या पावसाळी ट्रेलआधी: हवा, हुक आणि पट्टा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी डिझेल मॅन्युअल थार फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी), अजून काहीच बदललेलं नाही, राहायला पुण्यात, पावसाळ्यात मावळ-मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर जायचंय, रिकव्हरीच्या, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायच्या, सामानासाठी चाळीस हजार बाजूला काढलेत, तर विंचपासून (गाडीवर बसवलेल्या, ड्रमवर दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रापासून) सुरुवात करावी का?

विंच आत्ता घेऊ नका. त्या पैशात आधी टायरची हवा कमी-जास्त करायची सोय, पुढे-मागे भरवशाचे रिकव्हरी पॉइंट (ओढताना पट्टा अडकवायच्या मजबूत जागा), एक बरा पट्टा आणि फावडं एवढं येतं. नवीन माणसाची गाडी ज्या दहा प्रकारे अडकते, त्यातले बहुतेक प्रकार एवढ्यातच सुटतात. आणि सोबत दुसरी फोर बाय फोर असल्याशिवाय पहिले काही ट्रेल करूच नका.

सुरुवात हवेपासून, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट तीच. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, भार विभागला जातो आणि दगडावर रबर घट्ट बसतं. खडकाळ वाटेला २४-२५ पीएसआय, चिखलाला २०-२२. १५ च्या खाली जाऊ नका. वळताना टायर रिमवरून सुटण्याचा धोका तिथून वाढत जातो. कमी हवेत वेग ४० च्या आत ठेवा आणि डांबरी लागली की लगेच दारावरच्या स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत भरून घ्या. कमी हवेच्या टायरची भिंत सतत दुमडत राहते, त्याने टायर तापतो आणि वेगात फाटतो. कॉम्प्रेसर घ्याल तो थेट बॅटरीला क्लिप लावून चालणारा घ्या. सिगारेट सॉकेटवर चालणारे छोटे पंप चार टायर भरेपर्यंत तापून बंद पडतात, नाहीतर सॉकेटचा फ्यूज उडतो. वेगळा प्रेशर गेजही ठेवा. पंपावरच्या काट्यावर विसंबू नका.

काळ्या मातीत मात्र हवा कमी करून फारसं काही हाती लागत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. ती चिकण माती ओली झाली की टायरच्या खाचा गच्च भरून टाकते आणि ऑल-टेरेन टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतो. पकड हवी तर खाचा रिकाम्या व्हायला चाकाला थोडा वेग लागतो, आणि वेग दिला की गाडी बाजूला सरकते. शेतातली पाणंद काळ्या मातीची असेल आणि रात्री पाऊस झाला असेल, तर परत फिरा. जांभ्याची लाल माती आणि मुरूम त्या मानाने कितीतरी सोपे.

आता हुक. या उत्तरातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ओढताना जीव घेतं ते लोखंड: उखडलेला हुक, सुटलेला शॅकल (पट्टा हुकाला जोडायची पिनवाली कडी), तुटलेला टो बॉल (ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा). ताणलेला पट्टा त्याला गोफणीतल्या दगडासारखा फेकतो आणि तो काच फोडून आत येतो. बंपरमधलं झाकण काढून आटे देऊन बसवायची टो-आय सपाट रस्त्यावर सावकाश ओढण्यापुरतीच असते, झटक्यासाठी नाही. वाहतुकीच्या वेळी गाडी ट्रकवर बांधायला दिलेल्या पातळ कड्याही त्यासाठी नाहीत. तुमच्या मॅन्युअलमध्ये कोणता पॉइंट कशासाठी आहे ते वाचा, मग गाडीखाली पडून बघा: तो चासीच्या मुख्य रेलला किमान दोन जाड हाय-टेन्साइल बोल्टांनी बसवलाय का, बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा दर्जा लिहिलाय का. शंका असेल तर मॉडेलनुसार बनवलेले, क्षमता कोरलेले पॉइंट बोल्टने बसवून घ्या. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून हुक वेल्ड करून घेऊ नका. वेल्ड आतपर्यंत किती उतरलाय ते बाहेरून कळत नाही आणि ते कळण्याची वेळ नेमकी ओढतानाच येते. टो बॉलला पट्टा कधीही लावायचा नाही. सस्पेन्शनच्या आर्मला नाही, बंपरला तर नाहीच.

मग पट्टा. ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन्ही टोकांना लोखंडी हुक शिवलेला पिवळा टोइंग बेल्ट मिळतो. तो न ताणणारा, आणि टोकाला लोखंड असलेला. ट्रेलवर तो नकोच. तुम्हाला हवा तो नायलॉनचा स्नॅच पट्टा किंवा कायनेटिक दोरी. पट्टा साधारण २० टक्के ताणतो, दोरी ३० टक्क्यांपर्यंत, आणि ताण परत घेताना रुतलेल्या गाडीला हळूच पण जोरात उचलून काढते. माप ठरवायचं दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनावर: तुटण्याची क्षमता त्याच्या दोन ते तीन पट. थार माणसं-सामानासह सव्वादोन टन धरली, तर ६० मिमी रुंद, ९ मीटर लांब, ८ टनी पट्टा किंवा १९ मिमीची दोरी पुरे. ‘जाड म्हणजे सुरक्षित’ समजून ११ टनी पट्टा घेतला तर तो जिम्नीसारख्या हलक्या गाडीला ताणतच नाही आणि सगळा झटका चासीवर येतो. ओल्या नायलॉनची ताकद घटते, म्हणून पावसात मार्जिन ठेवा. कडेला चीर पडलेला पट्टा फेकून द्या, शिवून वापरू नका. दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये शॅकल घालू नका. एकाचा फास दुसऱ्यातून ओवा आणि गाठीत गुंडाळलेलं वर्तमानपत्र ठेवा, म्हणजे ओढल्यावर गाठ आवळून बसत नाही.

शॅकलवरचा आकडा आणि पट्ट्यावरचा आकडा यांची तुलना करून बरेच जण गोंधळतात. ३/४ इंची बो शॅकलवर ४.७५ टन लिहिलेलं असतं, ते कामाचं वजन. तुटायला त्याच्या अनेक पट लागतं. पट्ट्यावर लिहिलेले ८ टन ही थेट तुटण्याची क्षमता. म्हणून ८ टनी पट्ट्याला ४.७५ टनी शॅकल कमकुवत नाही. पण आकडा कोरलेलाच नसेल तर तो शॅकल हार्डवेअरच्या दुकानातच राहू द्या. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ओढल्यानंतर ती हाताने सुटत नाही. सॉफ्ट शॅकल हलका, तुटला तरी लोखंडासारखा उडत नाही, म्हणून जमेल तिथे तोच वापरा. फक्त त्याला धारदार कडा लागू देऊ नका आणि घरी आल्यावर वाळू-चिखल धुऊन काढा. आत अडकलेले कण धागे कापत राहतात.

याशिवाय एक टोकदार फावडं, चामड्याचे हातमोजे, ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली सारायच्या खाचदार फळ्यांची) एक जोडी, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस, इंचभर जाड प्लायवुडचा तुकडा. हा तुकडा नसेल तर चिखलात जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. उंच फार्म जॅक मात्र सुरुवातीला घेऊ नका. तो निसटतो, त्याचा दांडा उलटा फिरून जबड्यावर बसतो, आणि साध्या बंपरवर त्याला टेकायला जागाही नसते.

गाडी रुतली की पहिलं काम ॲक्सिलरेटर सोडायचं. चाक फिरत राहिलं तर दर सेकंदाला खड्डा वाढतो आणि गाडी पोटावर बसते. उतरा, बघा. रिमपर्यंत चिखल असेल तर ओढायला गाडीच्या वजनाएवढा जोर लागतो असा ढोबळ हिशोब असतो. बॉडीपर्यंत असेल तर दुप्पट. दहा मिनिटं फावडं मारलं की हाच जोर निम्म्यावर येतो, आणि पट्टा, हुक, चासी सगळ्यांवरचा ताण कमी होतो. चारही चाकांसमोर उतार काढा, डिफरन्शियलखालचा (ॲक्सलच्या मधल्या, चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाखालचा) चिखल काढा, पोटाखालचा चिखल मोकळा करा. हवा आणखी दोन-चार पीएसआय कमी करा. मग ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने मागे यायचा प्रयत्न करा. मागची जमीन ओळखीची असते.

तरीही निघाली नाही तर स्नॅच, म्हणजे दुसऱ्या गाडीने ताणणाऱ्या पट्ट्याने ओढून काढणं. ओढणारी गाडी शक्यतो सरळ रेषेत, १० अंशांपेक्षा जास्त तिरकी नको. दोन्ही टोकं लावून मध्ये मीटर-दीड मीटर ढील ठेवा. पट्ट्यावर मधोमध ओलं गोणपाट किंवा जाड सतरंजी टाका. बघणाऱ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला पाठवा. गावातली पोरं हमखास जवळ येतात, त्यांना हाताला धरून मागे न्यावं लागतं. खुणा करणारा एकच माणूस. ओढणाऱ्याने लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) दुसऱ्या गिअरवर ८-१० किमी वेगाने निघायचं. पट्टा ताणला गेला की रुतलेल्या गाडीनेही पहिल्या गिअरमध्ये हलका ॲक्सिलरेटर द्यायचा. नाही निघाली तर वेग वाढवायची घाई नको. वेग दुप्पट केला की पट्ट्यात साठणारी ऊर्जा चौपट होते, हुक नेमके तेव्हाच उखडतात. तीन प्रयत्नांनंतर थांबा, पुन्हा खणा, पट्ट्यालाही विश्रांती द्या.

ट्रॅक्टरबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्याकडे शेवटी मदतीला तोच येतो. ट्रॅक्टरवाले साखळीने ओढतात आणि साखळी पट्ट्यासारखी ताणत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्या दादांना आधीच सांगा: आधी साखळी ताठ करा, मग सावकाश, झटका नको. साखळी ट्रॅक्टरच्या मागे, खालच्या ड्रॉबारला (ओढायच्या दांड्याला) लावा. अवजार जोडायच्या वरच्या लिंकला लावली आणि तुमची गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटू शकतो. तुमच्या मजेपायी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा नाही.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो, ते हाताला सवय लागूनच येतं. तुमच्या थारचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे हवं तेव्हाच लावायचं; पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल मध्ये नाही. कोरड्या डांबरीवर फोर-एचमध्ये (चारही चाकं, हाय रेंज) वळलात तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा भाग) आवळून बसतो. फोर-एल (चारही चाकं, लो रेंज) गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून टाका. मोठ्या उतारावर फोर-एल पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला, ब्रेक नावापुरता. चढावर गाडी बंद पडली तर ब्रेक धरूनच रिव्हर्स टाका आणि सरळ रेषेत मागे या. उतारावर आडवी वळवायचा मोह गाडी उलटवतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाला चाक आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं. मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) असेल तर चाक फिरायला लागल्यावर घाबरून पाय उचलू नका. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडल्यावरच तो खट्कन लागतो, तेवढा स्थिर ॲक्सिलरेटर हवा.

थारची मागची बाजू अखंड ॲक्सलची, पुढची स्वतंत्र सस्पेन्शनची. मागचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून कायम तेवढ्याच उंचीवर राहतो, पण पुढचं सस्पेन्शन दबलं की पोटाखालची उंची कमी होते. म्हणून मोठा दगड दोन चाकांच्या मधून जाऊ देऊ नका, त्यावर चाक चढवा. खोल चाकोरीत उतरण्यापेक्षा एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर ठेवून जाणं बरं.

ओढा किंवा फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर आधी पायी उतरून बघा, काठी घेऊन. पाणी गुडघ्यावर असेल आणि तुम्हाला उभं राहता येत नसेल तर गाडी घालू नका. कंपनीने सांगितलेली ६५० मिमी पाण्याची मर्यादा साचलेल्या पाण्यासाठी. वाहतं पाणी गाडी ढकलतं, ते वेगळंच प्रकरण. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

जायचं कुठे, यात थोडी शिस्त हवी. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. सड्यांवरचा (कातळ पठारांवरचा) मातीचा थर बोटभर असतो. एका टायरची खूण तिथली फुलं वर्षानुवर्षं परत येऊ देत नाही. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका: वेळास, आंजर्ले, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, शिवाय भरतीत गेलेली गाडी परत मिळत नाही. शेताच्या बांधावरून जायचं तर मालकाला विचारून, भात लावणीच्या दिवसांत तर अजिबात नाही. पहिला अनुभव शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली घेता आला तर उत्तम. इगतपुरीला महिंद्रची ऑफरोड प्रशिक्षण अकादमी आहे, तिथे सध्या नोंदणी चालू आहे का ते विचारा.

विंच पुढच्या वर्षी घ्याल तेव्हा भरलेल्या गाडीच्या दीडपट क्षमतेची, म्हणजे थारला ८,००० ते ९,५०० पौंडांची. हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. झाडाला लावायचा तर रुंद पट्टा हवाच, नुसत्या दोराने साल कापली जाऊन झाड मरतं. विंचसाठी लोखंडी बंपर बसवायच्या आधी हेही लक्षात घ्या की डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्ड (गाडीपुढे बसवायचे लोखंडी गार्ड) बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे.

ट्रेलवरून परतल्यावर त्याच दिवशी रेडिएटरची जाळी, ब्रेक आणि रिमच्या आतला चिखल धुऊन घ्या. रिममध्ये वाळलेला चिखल राहिला की ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंट करत बसतात. पाण्यातून गेला असाल तर डिफरन्शियलचं तेल बघा. ते दुधाळ दिसलं तर बदला.