वाचक विचारतात : बीआरटीची मार्गिका, तिचे नियम आणि तिथला दंड

बस नसते तेव्हा मार्गिका रिकामीच असते. मग शेजारी खोळंबलेल्या दुचाकींना आत का सोडत नाहीत? (वाचक, विश्रांतवाडी)

बीआरटीची (जलद बससेवेची) मार्गिका म्हणजे पुणे-पिंपरीतल्या रस्त्यांवर फक्त बससाठी राखलेला मधला पट्टा. ती रिकामी दिसते, कारण तिचे काम बस आली की काही सेकंदांत उरकते. दर मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ५० प्रवासी धरले, तर तासाला ३,००० माणसे त्या एका पट्ट्यातून पुढे जातात. तेवढी माणसे दुचाकीवरून न्यायची तर गाडीमागे दीड माणूस धरूनही २,००० गाड्या लागतील. एवढ्या गाड्या आत आल्या की मार्गिका आणि शेजारचा रस्ता यांत फरक उरत नाही.

खरी अडचण मात्र थांब्यावर होते. मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते आणि बसची रुंदी २.६ मीटरपर्यंत. मधल्या स्थानकांवर उजव्या दारातून चढ-उतार होते आणि फलाटाची उंची बसच्या तळाइतकी ठेवलेली असते, म्हणजे पायरी चढावी लागत नाही. याचा फायदा मिळायचा तर चालकाने बस फलाटाला अगदी लगटून लावायला हवी. दुचाकी बस आणि फलाट यांच्या मध्ये शिरली, की चालक बिचकून बस दूर उभी करतो. मग मधे हातभर फट पडते. आजीबाईंना ती ओलांडता येत नाही आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी तर बस गेल्यातच जमा. दुचाकीस्वाराला आपण फक्त दोन मिनिटे वाचवली असे वाटते, पण त्याची किंमत या प्रवाशांनी मोजलेली असते.

चौकात डावीकडून आलेल्या रिक्षाला वाट देताना गाडीचे चाक मार्गिकेत गेले आणि घरी चलन आले. ते मान्य करावे का? (वाचक, पिंपळे गुरव)

आधी चलनावरचा फोटो नीट पाहा. महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की तो दिसतो. फोटोत चार गोष्टी हव्यात : वाचता येणारी नंबरप्लेट, तारीख आणि वेळ, ठिकाण, आणि गाडी मार्गिकेच्या आतच आहे हे दाखवणारा दुभाजक किंवा पट्टा. चौथी गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत, आणि वाद नेमका तिच्यावरूनच होतो. चौकाच्या मोकळ्या जागेत दुभाजक नसतो. तिथला एकच फोटो असेल तर गाडी मार्गिकेतून चालली होती की नुसती ओलांडत होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. काही सेकंदांच्या अंतराने काढलेले दोन फोटो असतील आणि दोन्हींत गाडी दुभाजकाच्या आत असेल, तर हरकत घेण्यात अर्थ नाही. दंड भरून मोकळे व्हा.

हरकत घ्यायची असेल तर त्याच संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथे चलन क्रमांक, आपले म्हणणे दोन-तीन वाक्यांत आणि डॅशकॅमचे (गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याचे) चित्रण असल्यास तेही द्या. ‘मी घाईत होतो’ हे कारण चालत नाही. ‘फोटोत दुभाजक दिसत नाही, मी चौक ओलांडत होतो’ हे चालू शकते. पैसे मात्र आधी भरू नका. भरले म्हणजे गुन्हा मान्य केला असे धरतात.

नियमाचा आधारही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ आणि ११६ नुसार वाहतूक निर्बंधाचा आदेश निघतो आणि रस्त्यावर फलक लागतात. निळ्या गोलात पांढरी बस दिसली की ती सूचना नसते, ते बंधन असते. फलक पाळणे कलम ११९ नुसार चालकावर बंधनकारक आहे. तो मोडल्यास कलम १७७ खाली दंड होतो : महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपये. तुमच्या जागी फलक झाडामागे दडलेला असेल तर त्याचाही फोटो तक्रारीला जोडा.

पोलीस मार्गिकेच्या मधोमध उभे राहून घुसखोरांना का पकडत नाहीत? (वाचक, संगमवाडी)

मधोमध गाडी थांबवली की मागची बसच अडकते. वॉर्डनने तिथे हात केला तर दुचाकीस्वार वळसा घेऊन उलट्या दिशेने पळतो, आणि समोरून बस येत असते. म्हणून पकडायची जागा मार्गिकेच्या टोकाला, पुढच्या चौकातल्या सिग्नलवर असते. आत शिरलेल्याला बाहेर तर पडावेच लागते! आमच्या मते कॅमेराही तिथेच लावावा आणि तो मागून टिपणारा असावा, कारण दुचाकीची मागची नंबरप्लेट मोठी आणि स्पष्ट असते.

पादचाऱ्यांच्या वाटेवर खांब रोवून दुचाकी अडवायच्या म्हटले, तरी प्रश्न सुटत नाही. स्कूटर जेमतेम ७० सेंटिमीटर रुंद असते आणि चाकाच्या खुर्चीला साधारण ९० सेंटिमीटर जागा लागते. खुर्चीला वाट ठेवली की स्कूटरही निघते. उघडमीट करणारा आडवा दांडा लावला तर प्रत्येक बस तिथे खोळंबते आणि तो नादुरुस्त झाला की वर उचलून बांधून ठेवला जातो. टोकाला माणूस किंवा कॅमेरा रोज असणे हाच उपाय टिकतो. आठवडाभराची मोहीम संपली की लोक पुन्हा आत शिरतात.

रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी मार्गिकेत शिरले तर चालेल का? (वाचक, स्वारगेट)

शक्यतो नको. कारण रुग्णवाहिका बऱ्याचदा त्याच मार्गिकेतून येते आणि तुम्ही नेमके तिच्यासमोर जाल. डावीकडे सरका आणि थांबा. वाट न देणे हा कलम १९४ ई खाली मोठा गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

नगर रस्त्यावरची मार्गिका काढली. मग कात्रज ते हडपसर हा जुना प्रयोग फसलाच म्हणायचा का? (वाचक, वडगाव शेरी)

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग सुरू झाला. दुभाजक तुटक ठेवलेले, पादचाऱ्यांना मधल्या थांब्यापर्यंत नीट वाट नाही, अशा उणिवा त्यात होत्याच. त्या बसच्या मार्गिकेच्या कल्पनेच्या नसून रस्ता बांधण्यातल्या होत्या. २०१५ पासूनच्या ‘रेनबो’ नावाच्या नव्या बीआरटी मार्गांवर बंदिस्त स्थानके आणि समतल चढ-उतार आली. मार्गिका काढल्याने मोटारींना एक पट्टा मिळतो, पण बसमधले सगळे त्याच कोंडीत येऊन बसतात.

मधल्या स्थानकावर रस्ता ओलांडताना काय सांभाळावे? (वाचक, निगडी)

दोन्हीकडे बघा, दरवेळी. मोटारींचा सिग्नल लाल झाला तरी मार्गिकेतली बस सुटलेली असू शकते, आणि विजेवर चालणाऱ्या बसचा आवाज कानावर पडत नाही.