ॲलम्नी, ॲलम्ना की ग्रॅज्युएट?

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कॉलेजच्या मेळाव्यात मिळालेल्या बिल्ल्यावर त्यांच्या नावाखाली ‘ॲलम्नी’ (alumni, म्हणजे माजी विद्यार्थी) छापलं होतं. एकट्या बाईला हे चालतं का? शिवाय लग्न ठरल्यामुळे त्यांनी दुसऱ्या वर्षालाच बी.ए. सोडलं, मग हा शब्द त्यांचा आहे का?

ताई, शब्द तुमचाच आहे, फक्त रूप चुकलं. ॲलम्नी हे अनेकवचन. एक पुरुष असेल तर ॲलम्नस, एक बाई असेल तर ॲलम्ना. पुरुषांच्या किंवा स्त्रीपुरुषांच्या मेळ्याला इंग्रजीत जुन्या रीतीने ॲलम्नाय (alumni) म्हणतात आणि नुसत्या बायकांच्या मेळ्याला ॲलम्नी (alumnae). खुद्द लॅटिनच्या प्राचीन उच्चारात हे नेमकं उलट, पुरुष अलुम्नी आणि बायका अलुम्नाय! त्यामुळे बोलताना कोणी चुकलं तर मी टोकत नाही, छापताना मात्र पाहावं. आता बोलण्यात ‘ॲलम’ हा सुटसुटीत शब्दही आहे, तो सगळ्यांना चालतो.

या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. लॅटिनमध्ये ‘आलेरे’ म्हणजे पोसणं. ॲलम्नस म्हणजे पोसलेलं लेकरू आणि आपल्या कॉलेजला म्हणतात ते आल्मा माटेर म्हणजे पोसणारी आई. ॲलिमनी हा शब्दही याच धातूचा. आपणही पोटावरूनच पोटगी म्हणतो. जिने पोसलं तिचं लेकरू व्हायला पदवी कशाला लागते? म्हणून शिक्षण अर्धवट राहिलेल्यालाही इंग्रजीत ॲलम्नस म्हणतात.

ग्रॅज्युएटचं तसं नाही. त्याच्या मुळाशी ‘ग्रादुस’, म्हणजे पायरी. ती चढून पदवी घेतली तरच ग्रॅज्युएट, आपला पदवीधर. नाशिक पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव लागायला पदवीच लागते, कॉलेजची आठवण पुरत नाही. आणि पदवी देतं विद्यापीठ. कुसुमाग्रज नाशिकच्या एचपीटी कॉलेजात शिकले, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. नाशिकची कॉलेजं पुढे ज्याच्याकडे गेली, ते पुणे विद्यापीठ स्थापन झालं नंतर, १९४९ साली. म्हणजे ॲलम्नस एचपीटीचे, ग्रॅज्युएट मुंबईचे.

मराठीत ‘माजी विद्यार्थिनी’ हा शब्द स्वच्छ आहे. त्यात वचन कळतं, लिंग कळतं आणि पदवी कोणी विचारत नाही. पुढच्या मेळाव्याआधी संयोजकांना बिल्ल्यावर तोच छापायला सांगा. इंग्रजीच हवं असेल, तर ॲलम्ना.